उंदराचा उजवा कान

उंदराला शेपटीला धरून उचलणारा माणूस ललिता कुरणेला आवडत नाही, मग तो कालपरवा आलेला विद्यार्थी असो नाहीतर परदेशात शिकून आलेला डॉक्टर. असा कुणी दिसला की ती आधी त्याच्या हाताकडं बघते, मग तोंडाकडं, आणि मग शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "तुम्हास्नी कुणी केसाला धरून उचललं तर चालंल का, पावणं?" गेल्या चौदा वर्षांत या प्रश्नाला उत्तर देणारा तिला भेटलेला नाही. बहुतेक जण गुपचूप हाताची ओंजळ करतात आणि उंदीर ओंजळीत घ्यायला शिकतात.

हे सगळं चालतं कागल रस्त्यावरच्या दूधगंगा विद्यापीठात. तिथल्या जीवशास्त्र विभागाच्या मागं एक बैठी इमारत आहे. बाहेरून गोदामासारखी दिसते, आत मात्र दवाखान्यापेक्षा जास्त स्वच्छता. तिला सगळे ॲनिमल हाऊस म्हणतात. ललिता उचगावातून स्कूटीवर येते, चपला बाहेर काढते, अंगावर निळा डगला चढवते आणि संध्याकाळपर्यंत उंदरांची असते. कागदावर तिचं पद ‘मदतनीस, कंत्राटी’ असं आहे. दरवर्षी डिसेंबरअखेर तिची ऑर्डर संपते आणि जानेवारीत नवी निघते. निघेलच असं कुणी कधी सांगत नाही, आणि ललितानंही कुणाला कधी विचारलेलं नाही.

ती इथं लागली ती फरशी पुसायला. महिन्याभरातच तेव्हाच्या साहेबांनी तिला उंदरांच्या पिंजऱ्यांचं काम दिलं, कारण कायम नोकरीतले दोघे त्या वासानं नाक मुरडत होते. कुरणे हे आडनाव ऐकून आपल्याला हे काम दिलंय हे तिला कळलं होतं, आणि देणाऱ्यालाही ते कळत होतं. तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून गावातली मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की ललिताला ती तोंडपाठ होती. म्हणून ती साहेबांना म्हणाली, काम करतो, पण सगळं शिकवा. नुसती घाण काढायला ठेवणार असाल तर आत्ताच जातो. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात, आणि ललिताचं बोलणं तर त्यातही जरा ताठच. साहेबांनी हसून मान हलवली. त्यांना वाटलं, शिकून शिकून किती शिकेल.

ती सगळं शिकली. पिलू किती दिवसांचं ते कातडीच्या रंगावरून सांगायला, गाभण मादी हातात धरताक्षणी ओळखायला, आजारी उंदराचे डोळे कसे बारीक होतात ते बघायला. तिच्या हाताखाली शिकून तिघं पीएच.डी. होऊन गेले. त्यांच्या प्रबंधात आभाराच्या पानावर ‘ॲनिमल हाऊसचे कर्मचारी’ एवढंच छापलेलं होतं. ललितानं ती तिन्ही पानं बघितली आणि काही बोलली नाही, हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं.

घरी तिच्याबरोबर धाकटा भाऊ अतुल राहतो. त्याला तेराव्या वर्षापासून फिट येते. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत तो कामाला होता, तिथंच एकदा फिट येऊन पडला आणि डावा हात कोपरापर्यंत भाजला. अजून पट्ट्या निघाल्या नव्हत्या तेव्हा कारखान्याचा माणूस कागद घेऊन आला. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे मी पडलो’ असं त्यावर लिहिलं होतं. कामावरून काढणार नाही या बोलीवर अतुलनं सही केली, आणि तीन महिन्यांत त्याला काढलं. आता तो गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. ललिता त्या दिवशी घरी नव्हती, आणि याचा राग कुणावर काढावा हे तिला आजपर्यंत समजलेलं नाही.

मग तीन वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठाशी करार झाला. विभागप्रमुख डॉ. विजयसिंह इंगवले यांनी तो घडवून आणला. इंगवले सर तसे हुशार, कष्टाळू, पण आपल्या विभागाचं नाव निघालं की थोडे हळवे. करारानं तिकडून उंदरांचा एक खास वाण आला. काळे कुळकुळीत, शेंगदाण्याएवढं डोकं, आणि त्या डोक्यात एक खोट मुद्दाम घातलेली. गर्भ जेमतेम एका पेशीचा असतानाच शास्त्रज्ञांनी त्यातलं एक जनुक कापून टाकलेलं. तेच जनुक माणसाच्या लेकरात नसलं तर त्याला फिट येते, झोप उडते, साध्या गोष्टी जमेनाशा होतात. उंदरालाही तेच होतं. त्याच्यावर औषध करून बघायचं आणि उपयोग झाला तर पुढं माणसासाठी विचार करायचा, असा हा सगळा बेत. सर विद्यार्थ्यांना हे समजावत होते तेव्हा ललिता मागं उभी राहून ऐकत होती. त्या दिवशी तिनं त्या वाणाचे पिंजरे दोनदा पुसले.

पण एकाच वेतातली पिलं काही आजारी आणि काही चांगली निघतात, आणि दिसायला सगळी सारखी. म्हणून पिलू आईपासून तोडलं की ललिता त्याच्या कानाला बारीक भोकं पाडते. उजव्या कानातली भोकं म्हणजे एकक, डाव्या कानातली दशक. डाव्यात एक आणि उजव्यात दोन, तर उंदीर बारा नंबरचा. डाव्यात दोन आणि उजव्यात एक, तर एकवीस. कानाचा निघालेला तुकडा त्याच नंबरानं दीप्तीकडं जातो. दीप्ती प्रयोगशाळेत डीएनए तपासते आणि कुठला नंबर आजारी, कुठला चांगला ते सांगते.

ललिताला मात्र दीप्तीच्या आधीच अंदाज यायचा, तो घरट्यावरून. दर गुरुवारी ती एकेका उंदराला दिवसभर वेगळं ठेवून मूठभर कापूस द्यायची. उचगावातल्या गादीवाल्याकडचा पिंजलेला कापूस, वाफेवर निर्जंतुक केलेला. चांगला उंदीर तासाभरात तो ओढून, चावून, गोल रचून त्याची खोलगट वाटी करतो आणि आत बसतो. आजारी उंदीर कापूस इकडून तिकडं नेतो, विसरतो, तिथंच टाकून झोपतो. ललिताच्या वहीत यासाठी तीनच शब्द होते, वाटी, अर्धी वाटी आणि पसारा. ही वही तिची स्वतःची, दोनशे पानी, शाळेच्या दुकानातून आणलेली. ती कुणी मागितली नव्हती.

मागच्या वर्षी पहिली छोटी चाचणी ठरली. एकूण पंधरा उंदीर, सात आजारी आणि आठ चांगले. आजाऱ्यांना चार आठवडे औषधाची सुई द्यायची आणि उंदीर चाचणीच्या पिंजऱ्यात हलवण्याआधी नोंदलेल्या आणि सुयांनंतरच्या वागण्यात काय फरक पडतो ते बघायचं. चांगल्यांना खालच्या रॅकवर नुसतं सांभाळायचं. काम विश्वजितकडं होतं. हा सरांचा लाडका विद्यार्थी, पोरगा गुणी, पण घाईचा. चाचणीपुरता प्रत्येक उंदीर स्वतंत्र पिंजऱ्यात ठेवायचा होता, आणि तेवढे दिवस पंधराच्या पंधरा उंदरांना विश्वजितशिवाय कुणी हात लावायचा नाही असा तिकडचा नियम होता.

उंदीर नव्या पिंजऱ्यात हलवले तेव्हा ललिता रजेवर होती. दसऱ्याला ती दरवर्षी दीक्षाभूमीवर जाते, महाराष्ट्र एक्स्प्रेसनं, नागपूरला. पाच दिवसांनी परत आली तर नवे पिंजरे लागलेले, प्रत्येकात मूठभर कापूस आणि बाहेर विश्वजितच्या अक्षरातली नवी पाटी. तिनं सवयीनं आत बघितलं आणि तिथंच थांबली. बारा नंबरच्या पिंजऱ्यात कापसाची सुरेख वाटी होती. बारा नंबरनं जन्मात कधी वाटी केलेली नव्हती. वहीत तीन महिने त्याच्यापुढं पसारा, पसारा असंच लिहिलेलं.

तिनं सातही पिंजरे बघितले. आजारी म्हणून वर ठेवलेल्या सातांपैकी पाचांनी घरटी बांधली होती. अकरा आणि तेहतीस नंबरच्या पिंजऱ्यात फक्त पसारा होता. औषधाची पहिली सुई अजून दिली नव्हती. तिनं सरांना जाऊन सांगितलं. सर तेव्हा फोनवर होते. त्यांनी हातानंच थांबवलं आणि नंतर म्हणाले की जागा बदलली की प्राणी वेगळं वागतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उंदीर हातात घेऊन कान बघू का, असं तिनं विचारलं. तर नियम म्हणजे नियम, असं उत्तर मिळालं.

चार आठवडे ललिता काचेतून बघितल्यासारखं बघत राहिली. आणि तिसऱ्या आठवड्यात, दिवसाढवळ्या, तिच्या डोळ्यांपुढं एकवीस नंबरच्या पिंजऱ्यात उंदराला फिट आली. एकवीस नंबर म्हणजे चांगला, खालच्या रॅकवरचा. ललितानं वेळ बघितली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं. हे रजिस्टर तिच्या वहीसारखं घरगुती नव्हतं, तपासणीला समिती येते ती ते बघते. दुसऱ्या दिवशी सरांनी ती ओळ वाचली आणि तिला बोलावून सांगितलं की तिथं ‘आवाजाने दचकला’ असं लिहा. हायवेवरच्या गाड्यांचे हॉर्न चालूच असतात.

ललिता म्हणाली, "दचकलेला उंदीर पळतो, सर. ह्यो पाय ताठ करून आडवा पडला हुता. फिट कशी असती त्ये मला कुणी शिकवाय नको, रोज घरात बघतो मी."

सरांना ते आवडलं नाही. ओळ तशीच राहिली. विश्वजितनं ती बघून खांदे उडवले. त्याचे आकडे इतके छान येत होते की त्याला दुसरं काही दिसायला तयारच नव्हतं.

चाचणी संपली तेव्हा सातांपैकी पाच उंदीर सुधारलेले निघाले. सरांनी त्याच संध्याकाळी स्कॉटलंडला डॉ. मॉरिसन नावाच्या बाईंना ईमेल केला आणि विभागात पेढे वाटले. पेढ्याचा खोका ललितापुढंही आला. तिनं घेतला नाही. आज उपास हाय, असं म्हणाली. ललितानं आयुष्यात उपास केलेला नव्हता, आणि हे खोका धरणाऱ्या दीप्तीलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी उंदीर परत ललिताच्या ताब्यात आले. तिनं सगळ्यात आधी बारा नंबरचा पिंजरा उघडला, उंदीर ओंजळीत घेतला आणि अंगठ्यानं कान चाचपले. डाव्या कानात दोन भोकं, उजव्यात एक. तो एकवीस होता. तिनं एकवीसची पाटी असलेला पिंजरा उघडला. आत बारा होता, तिचा जुना, आळशी, पसारा करणारा बारा.

विश्वजितला बोलावून तिनं तो पहिला उंदीर त्याच्या हातात दिला आणि नेहमीसारखा नंबर वाच म्हणाली. विश्वजितनं सुई देताना धरतात तसा उंदीर मानेला धरून उताणा केला, पोट आपल्याकडं. भिंतीवर तिकडून आलेला तक्ता होता, त्याकडं एक नजर टाकली आणि म्हणाला, बारा. ललितानं त्याच्या हातातला उंदीर काढून घेतला आणि पालथा धरला, पाठ त्याच्याकडं, नाक वर. तक्त्यातलं चित्र असंच होतं, वरून बघितलेलं. "आता वाच," ती म्हणाली. विश्वजितनं वाचलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं पंधराही उंदीर उताणे धरून वाचले होते. उंदराचा उजवा कान त्याला डावा दिसला होता आणि डावा उजवा. बाराचा एकवीस झाला, दोनचा वीस, एकतीसचा तेरा. अकरा, बावीस आणि तेहतीस तेवढे कसेही धरले तरी तेच राहणार होते. आजारी म्हणून औषध दिलेल्यातले पाच मुळात धडधाकट होते. ज्या दोघांना खरंच आजार होता आणि खरंच औषध मिळालं, ते अकरा आणि तेहतीस, जसे होते तसेच होते.

म्हणजे औषधानं कुणालाच काही झालेलं नव्हतं. विश्वजित स्टुलावर बसला आणि म्हणाला, मावशी, सरांना सांगू नका, मी बघतो काहीतरी. ललिताला त्याची दया आली, खोटं कशाला सांगा. आई-बाप शेतात राबून त्याला शिकवत होते. पण तिनं त्याच्यासमोरच दीप्तीला फोन लावला आणि पंधराही उंदरांचे नवे तुकडे घेऊन पुन्हा तपासायला सांगितलं. दीप्तीनं सरांची परवानगी आहे का विचारलं. ललिता म्हणाली, परवानगी मागितली तर मिळायची न्हाई, म्हणून तुला मागाय लागलोय. दीप्ती तुकडे घेऊन ये म्हणाली. तीन दिवसांनी निकाल आला. ललिताचा एकही नंबर चुकलेला नव्हता.

इंगवले सरांनी निकाल वाचला आणि दार लावून घेतलं.  चूक दडपून टाकायचा त्यांचा स्वभाव नव्हता, हेही सांगायला हवं. निकाल मागं घ्यायचा, तिकडं कळवायचं, हे त्यांनी ठरवलं. फक्त कसं कळवायचं यात त्यांनी एक वाट काढली. त्यांनी ललिताला केबिनमध्ये बोलावलं आणि पत्र पुढं ठेवलं. पत्र इंग्रजीत होतं. ललितानं ते घेतलं, दीप्तीकडं नेलं आणि शब्द न् शब्द समजावून घेतला. त्यात लिहिलं होतं की कानांवर खुणा करताना प्राणिगृहातील मदतनिसाकडून चूक झाली, त्यामुळे नंबरांची अदलाबदल झाली. खाली ललिताच्या सहीची जागा मोकळी सोडली होती.

ती परत केबिनमध्ये गेली तेव्हा सर शांतपणे, अगदी समजुतीच्या सुरात बोलले. विश्वजितची पीएच.डी. आहे. करार आहे. विभागाचं नाव आहे. "तुमचं नाव तिथं कुणाला ठाऊक आहे, ललिताबाई? तुमचं यात काही बिघडत नाही," ते म्हणाले. नवी ऑर्डर जानेवारीत निघायचीच आहे, तिची काळजी करू नका, हेही त्यांनी पाठोपाठ सांगितलं. ते कुठल्या सुरात सांगितलं ते ललिताला बरोबर कळलं. तिनं उद्या सांगतो म्हणून पत्राची प्रत पर्समध्ये घातली.

घरी तिनं अतुलला ती प्रत दाखवली आणि मजकूर सांगितला. त्यानं ती घडी घालून परत दिली. मग म्हणाला, "कर सही, अक्का. तुझी बी नोकरी गेली तर काय करायचं आपण?"

ललिताच्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं साठलेलं तिला त्या क्षणी त्याच्यावरच ओतावंसं वाटलं, तू केलीस सही, तुझा हात बघ. ते शब्द तिच्या तोंडापर्यंत आले होते. तिनं ते गिळले, कारण अतुल चुकीचं बोलत नव्हता. घर तिच्याच नोकरीवर चाललं होतं. तिनं भाकरी थापल्या, दोघं जेवले, आणि त्या दिवशी पुन्हा पत्राचा विषय निघाला नाही. पण तिला एक गोष्ट पक्की कळली होती. आपण सही केली तर चौदा वर्षांत पाडलेलं प्रत्येक भोक संशयाचं होईल. उद्या कुणीही कुठल्याही निकालावर बोट ठेवून म्हणेल, तिथं ती बाई होती ना, तिलाच चूक करायची सवय. आणि या बोलण्याला आपल्याच सहीचा आधार असेल.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये सर होते, विश्वजित होता, आणि पत्रासोबत निकालाचे कागद जोडायला दीप्ती आली होती. चार वाजता डॉ. मॉरिसनबाईंबरोबर बैठक होती, त्याआधी पत्र जायला हवं होतं. ललितानं उभ्या उभ्या सरांच्या टेबलावरचं पेन उचललं. सरांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. मग त्यांना दिसलं की ती सही करत नाही, लिहितेय. सहीच्या जागेवर, ठळक मराठी अक्षरात, तिनं चार ओळी लिहिल्या:

‘कानाच्या खुणा मी केल्या. त्या बरोबर होत्या आणि आजही बरोबर आहेत, कोणीही येऊन पाहावे. खुणा उलट्या वाचल्या गेल्या तेव्हा मी रजेवर होते. ललिता कुरणे.’

सर चिडले. आवाज न चढवता चिडायची त्यांची पद्धत होती, ती जास्त वाईट. हे पत्र असं जाऊ शकत नाही, ते म्हणाले, दुसरी प्रत काढावी लागेल. ललिता म्हणाली, काढा की, त्याच्यावर बी हेच लिवतो. मग सरांनी शेवटी ते शब्द उच्चारले, जे आतापर्यंत नुसते सुचवले होते. ऑर्डर तुमची डिसेंबरला संपतेय, बाई.

"ऑर्डर तुमच्या हातात हाय, सर, न्हाई म्हणत न्हाई मी. पण कान त्या उंदराचं हायती. त्यास्नी तुमची ऑर्डर लागू पडत न्हाई," ललिता म्हणाली. आणि मग तिनं पेन टेबलावर ठेवलं. "ह्ये औषध उद्या माझ्या भावाला मिळणार हाय. लागू पडलं न्हाई तर तवा बी त्याचीच चूक म्हणणार का? त्याच्याकडनं बी सही घेणार?"

 दीप्ती खिडकीबाहेर बघत राहिली. विश्वजित उठला, टेबलापाशी आला आणि ललितानं ठेवलेलं पेन त्यानं उचललं. तिच्या ओळीखाली त्यानं इंग्रजीत एकच ओळ लिहिली, खुणा मी उलट्या वाचल्या, आणि आपलं पूर्ण नाव घातलं.  इंगवले सरांनी त्या कागदाकडं बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, आणि कागद स्कॅनरवर ठेवायला दीप्तीकडं दिला. वरचा, चूक मदतनिसाची असल्याचा मजकूर त्यांनी देण्याआधी स्वतः खोडला.

बैठकीत काय झालं ते ललिताला कुणी सांगितलं नाही. करार मोडला नाही, एवढं तिला कळलं. तिकडून आठ दिवसांनी उत्तर आलं. आधीचा निकाल रद्द, चाचणी पुन्हा घ्यायची, आणि या खेपेला कान कुणी वाचला त्याची रजिस्टरमध्ये प्रत्येक वेळी सही हवी. पत्रातल्या मराठी ओळी डॉ. मॉरिसननी तिथल्या कुणाकडून तरी वाचून घेतल्या असाव्यात, कारण शेवटी लिहिलं होतं की नव्या चाचणीत खुणा पहिल्यासारख्या त्याच बाईंनी कराव्यात.

डिसेंबर संपला. ऑर्डर निघाली नाही. एक तारखेला गेटवरच्या वॉचमननं यादी बघून सांगितलं की तुमचं नाव नाही. ललिता स्कूटीवरून न उतरता म्हणाली, यादीत उंदरांची नावं हायती का? न्हाईत ना, तरी त्यास्नी पाणी लागतंच की. वॉचमननं दांडा वर केला. ती रोज आली, रोज पिंजरे बदलले, रोज रजिस्टर भरलं. नऊ दिवसांनी ऑर्डर आली, पद तेच, मदतनीस. इंगवले सर जिन्यात समोर आले की मोबाइलमध्ये बघायचे.

नव्या चाचणीचे उंदीर फेब्रुवारीत तयार झाले. ललितानं सगळ्या पिल्लांचे कान टोचले आणि रजिस्टरमध्ये लाल शाईनं एक नवा रकाना आखला. विश्वजितनं सही केली, दीप्तीनं केली. तिसऱ्या दिवशी खुद्द सर आले, पहिला उंदीर स्वतः बघून घ्यायला, तिकडं तसं कळवायचं होतं म्हणून. ललितानं पिंजऱ्यातून उंदीर ओंजळीत घेतला आणि त्यांच्यापुढं धरला, पाठ त्यांच्याकडं, नाक वर. सरांनी तक्त्याकडं बघितलं, कानांकडं बघितलं, पुन्हा तक्त्याकडं बघितलं. मग मोठ्यानं वाचलं, तेवीस. बरोबर होतं.

ते जायला वळले तेव्हा ललितानं दुसऱ्या हातानं रजिस्टर त्यांच्यापुढं सरकवलं आणि लाल रकान्यावर बोट ठेवलं.

"सही, सर."

सरांनी तिच्याकडं बघितलं. तिनं नजर खाली केली नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं, वाकले आणि सही केली. नाव पूर्ण लिहा म्हणाली, तर तेही लिहिलं. ललितानं ते एकदा वाचून बघितलं आणि मगच उंदीर पिंजऱ्यात सोडला.